पंपाबरोबर फिटरही पाठवा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये दोन वर्षांपूर्वी चाळीस सौर पंप खोक्यांत बंद होऊन उभे होते. पूर्व आफ्रिकेला जायचा माल. मालक, त्याचे दोन फिटर, पॅकिंगचा सुतार, सगळ्यांनी जीव ओतून काम केलेलं. आत सिलिका जेलच्या पुड्या, कंट्रोलरभोवती थर्मोकोल, खोक्यांवर बाणाची आणि छत्रीची खूण. मिरज-कुपवाडच्या छोट्या कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं मी गेली अठरा वर्षं करते आहे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, सगळं दोन-दोनदा डोळ्यांखालून घातलं होतं. माल न्हावाशेव्यातून वेळेवर सुटला आणि पलीकडच्या बंदरात अडकून पडला. खोक्यांच्या लाकडावर ओंबीचा शिक्का नव्हता.

हा शिक्का बोटभर असतो. चौकटीत गव्हाच्या ओंबीची खूण, शेजारी देशाची अक्षरं, प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि ‘एचटी’. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं आहे, यातून कीड तुमच्या देशात येणार नाही, अशी ती हमी. आमच्या सुताराने नेहमीसारख्या आंब्याच्या फळ्या वापरल्या होत्या. पंपात खोट नव्हती, किमतीत नव्हती. मी सुताराला एकदा विचारलं असतं तर भागलं असतं; मी विचारलं नाही. माल सुटेपर्यंत बंदराचं भाडं आणि दंड मिळून त्या ऑर्डरमधला नफा गेला, वर मालकाला पदरमोड करावी लागली. त्याने त्यानंतर निर्यातीचं नाव काढलेलं नाही.

स्वच्छ ऊर्जेच्या भारतीय कंपन्यांना परदेशी बाजार मिळवून द्यायचा, असं हल्ली दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळे म्हणतात. मलाही ते मनापासून हवं आहे. पण ही मदत आज कुठे जाते? प्रदर्शनातला स्टॉल, विमानाचं तिकीट, शिष्टमंडळ, खरेदीदार-विक्रेता मेळावा. केंद्राच्या मार्केट अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्हसारख्या योजनांत मुख्यतः हेच खर्च बसत आले आहेत. स्टॉलवर ओळखी होतात, कार्डांची देवघेव होते, त्याचा उपयोगही होतो. तरी गेल्या अठरा वर्षांत ओळख नाही म्हणून माल अडलेला मी फारसा पाहिला नाही. तो अडतो दाखल्यापाशी. आणि जो पोचतो तो तिकडे बंद पडला की उघडणारा हात जवळ नसतो, म्हणून दुसरी ऑर्डर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने आणि बँकांनी पैसा या दोन टोकांना घालावा. इकडे चाचणी, तिकडे दुरुस्ती. मधला रस्ता आमची माणसं धडपडून काढतात.

आमच्या सांगली जिल्ह्याने हा धडा एकदा गिरवलेला आहे, द्राक्षात.

माझं माहेर मणेराजुरीच्या बाजूचं. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेली द्राक्षं सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे नाकारली गेली. वेलीची शेंडावाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. मणी टपोरा, गोडी उत्तम, रंग एकसारखा, आणि तरी कंटेनर तिकडे पडून. निर्यातदारांनी बागेतला उरलेला माल उचलायचं थांबवलं. माझ्या चुलत्यांनी वर्षभर जपलेला प्लॉट अखेर मिळेल त्या दराने स्थानिक व्यापाऱ्याला दिला. घड उतरवताना ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

त्यावर उपाय म्हणून रॉटरडॅमला द्राक्षांचा स्टॉल लावा, असं कोणी सुचवलं नाही. अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था २००६-०७ पासून होतीच. प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, नमुना बागेत येऊन प्रयोगशाळेच्या माणसाने काढायचा, मान्यताप्राप्त ठिकाणी तपासायचा, अहवाल आल्याशिवाय माल पॅकहाऊसला जाणार नाही, आणि पेटीवरच्या नंबरावरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल. पुण्याचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्या प्रयोगशाळांची संदर्भ प्रयोगशाळा. सीसीसीची तपासणी त्यात सक्तीची झाली. आज तासगावातला बागायतदार चहाच्या टपरीवर एमआरएल (औषधाच्या अंशाची मर्यादा) आणि पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) हे शब्द ‘पाऊसपाणी’ म्हणावं तितक्या सहज वापरतो. सरकारने द्राक्षं विकली नाहीत. द्राक्षांबद्दल जे सांगितलं जातं ते खरं आहे, याची जबाबदारी घेतली. निर्यात त्यावर उभी राहिली.

सौर पंपाचा नमुना मात्र अजून आमच्या शेडमधून टेम्पोत घालून परगावी न्यावा लागतो. अशाच एका नमुन्याची गोष्ट मला तारखांसकट आठवते. प्रयोगशाळेत नंबर लागायला सहा आठवडे गेले. चाचणीत कंट्रोलरच्या झाकणातून पाणी आत शिरलं. दोष खरा होता आणि तो सापडला हे बरंच झालं. रबरी गॅस्केट बदलायला आमच्या माणसांना एक दुपार लागली. पुन्हा रांगेत उभं राहायला आणखी पाच आठवडे. तोवर खरेदीदाराच्या बँकेने काढलेल्या एलसीची, म्हणजे पैशांच्या हमीपत्राची, मुदत संपली. हेच यंत्र शेडपासून दहा किलोमीटरवर तपासता आलं असतं, तर गॅस्केटचा दोष कागदावर येण्याआधीच निघाला असता.

सौर पंपाची परीक्षा म्हणजे नुसतं बटण दाबून पाणी येतं का बघणं नव्हे. सकाळी ऊन चढतं, दुपारी स्थिर होतं, ढग आला की पडतं. तसाच विजेचा चढउतार यंत्राने देऊन, ठरावीक उंचीला दिवसाकाठी पॅनेलच्या एका वॅटमागे किती लिटर पाणी येतं हे मोजतात. विहीर कोरडी पडली तर पंप आपोआप थांबतो का, धूळ आणि पाण्याचा फवारा सोसतो का, हेही बघतात. याला आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. केनियासारख्या देशात तर २००५ पासून माल जहाजात चढण्याआधीच तपासून दाखला घ्यावा लागतो. नायजेरियाची अशीच स्वतःची पद्धत आहे. दाखला मागणारा देश आपल्याला अडवतो आहे, अशी भावना आमच्याकडे अनेकांची असते. मला तसं वाटत नाही. चुलत्यांना युरोपने अडवलं म्हणूनच पुढच्या वर्षी बाग सुधारली.

डेन्मार्कचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे, कारण तेही सुरुवातीला खेड्यापाड्यातल्या लोहारांचंच काम होतं. आज जगभर पवनचक्क्या विकणाऱ्या व्हेस्टासचं मूळ लेम नावाच्या खेड्यात १८९८ साली आलेल्या एका लोहाराच्या भात्यात आहे. पवनचक्कीकडे वळण्याआधी तिथे शेतीच्या गाड्या बनत. १९७८ मध्ये डेन्मार्कने रिसो येथे पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र काढलं. पाठोपाठ पवनचक्की घेणाऱ्याला ३० टक्के अनुदान मिळू लागलं, अट एकच, यंत्राला रिसोची मान्यता हवी. अनुदान ग्राहकाला मिळालं आणि शिस्त कारखानदाराला लागली. पुढे ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात करसवलतीमुळे पवनचक्क्यांची झुंबड उडाली, तेव्हा कागदावर चतुर दिसणारी कितीतरी अमेरिकी यंत्रं वाऱ्यात मोडली आणि डेन्मार्कची जड, साधी यंत्रं फिरत राहिली. कथा इथे संपवली तर ती खोटी ठरेल. १९८५ अखेर त्या सवलती गेल्या, मागणी कोसळली आणि १९८६ मध्ये व्हेस्टासचंच दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी ती नव्याने उभी राहिली. एकाच बाजारावर विसंबायचं नाही, हे त्यांनी मोठी किंमत मोजून शिकलं. आपल्या सौर पॅनेलच्या निर्यातीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अलीकडच्या वर्षांत एकट्या अमेरिकेला जात होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या देशाने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला. यावर अधिक काही बोलायची गरज नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे येते, कारण माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

मागच्या उन्हाळ्यात जत तालुक्यात एका लग्नाला गेले होते. मांडवाशेजारच्या रानात सौर पंपाची पॅनेल चकचकीत उभी, खाली ज्वारीची धाटं वाळलेली. पंप दोन महिने बंद होता. शेतकरी वयाने माझ्या वडिलांएवढे. म्हणाले, “ताई, फोन लावला की नंबर घेतात, माणूस येत न्हाई.” कंट्रोलर काढून नेला होता, तो परत आला नव्हता. कागदावर त्या पंपाला पाच वर्षांच्या देखभालीची हमी आहे. केंद्राच्या अनुदानाच्या कुसुम योजनेतल्या सगळ्याच पंपांना असते. ती हमी पाळायला जतमध्ये मात्र एक पान्हा घेऊन येणारा पोरगा लागतो, आणि तो तिथे नव्हता.

ज्याला कुपवाडहून जतला माणूस पाठवता येत नाही तो केनियातल्या किसुमूला कसा पाठवणार? मला हा प्रश्न टाळता येत नाही आणि कोणी टाळूही नये. परदेशी बाजाराच्या गप्पा मारण्याआधी घरचं बघा, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचा राग मला समजतो. पण घर आणि परदेश यांत निवड करायची आहे, हे मला मान्य नाही, कारण दोन्हीकडे दुखणं एकच आहे. यंत्र विकलं जातं, दुरुस्ती विकली जात नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी सर्वसाधारणपणे १० टक्के रक्कम भरतो, बाकीचे पैसे सरकार कंपनीला देतं. म्हणजे कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक शेतकरी नसतोच, कार्यालय असतं. पंप बंद पडला तर शेतकऱ्याच्या हातात कंपनीचा एक रुपयाही अडकलेला नसतो.

पूर्व आफ्रिकेत नेमकं उलट आहे, आणि म्हणून तो बाजार आमच्या कारखान्यांना हवा असं मला वाटतं. तिथे २००७ पासून एम-पेसा आहे; माणसं मोबाइलवरून पैसे देतात-घेतात. सौर दिवा असो की पंप, थोडे पैसे आधी भरायचे आणि बाकीचे हप्त्याहप्त्याने मोबाइलवरून. सनकल्चरसारखी नैरोबीची कंपनी छोट्या शेतकऱ्यांना सौर सिंचनाचे संच असेच हप्त्यावर देते. अशा व्यवहारात शेतकऱ्याच्या शेतात पाणी पडलं तरच पुढचा हप्ता येतो. पंप बंद, हप्ता बंद. तिथे दुरुस्ती करणारा माणूस हा वसुली करणाऱ्यापेक्षा मोलाचा असतो. तिथे टिकून दाखवणारा कारखानदार जतच्या शेतकऱ्यालाही चांगली सेवा देईल, कारण सेवेशिवाय पैसे येत नाहीत ही सवय त्याच्या अंगी मुरलेली असेल. शिवाय त्याचं पोट एकाच सरकारी खरेदीवर राहणार नाही. ती बिलं किती उशिरा निघतात आणि तोवर कामगारांचे पगार कुठून होतात, हे एमआयडीसीतल्या कोणत्याही गेटवर उभं राहून विचारावं.

आपल्याकडे विकण्यासारखं आहे का, अशी शंका काही जण काढतात. मला सांगली जिल्ह्याचा नकाशाच पुरेसा वाटतो. एकीकडे जत, आटपाडी, जिथे पाणी शेकडो फूट खाली गेलेलं. दुसरीकडे पलूस, मिरज, जिथे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराखाली पंपांच्या मोटारी आठवडाभर बुडाल्या होत्या. त्याच जिल्ह्यात हळद शिजवायची, बेदाणा वाळवायचा, उसाच्या चिपाडावर वीज करायची, साखर कारखान्याच्या मळीतून, म्हणजे प्रेसमडमधून, गॅस काढायचा. एकाच जिल्ह्यात दुष्काळ आणि पूर दोन्ही सोसलेलं यंत्र टांझानियाच्या शेतकऱ्याला जास्त समजेल. युरोपातल्या प्रयोगशाळेत ते घडवता येत नाही. आणि हे काही आजचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला विकले जात नव्हते. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, भांडवलालाही हात दिला. १९२६ मध्ये तिथे पंप तयार होऊ लागले. किर्लोस्करांचे पंप पुढे भारताच्या एक्झिम बँकेने, म्हणजे निर्यात-आयातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने, दिलेल्या कर्जाच्या आधारावर सेनेगलच्या भातशेतीत पोचले. संस्थानिकाने नांगर कसा असावा हे सांगितलं नाही. जागा दिली, विश्वास दिला, वाट पाहिली.

एक्झिम बँकेच्या या कर्जांकडे मी आशेने बघते. एखाद्या आफ्रिकी देशाला भारत सवलतीचं कर्ज देतो आणि त्यातून घ्यायच्या माल-सेवेपैकी साधारण ७५ टक्के भारतातून घ्यायच्या असतात. व्यवस्था चांगली आहे. फक्त त्यातली कामं एवढ्या मोठ्या गठ्ठ्यात निघतात की बारा कामगारांच्या शेडला निविदेचा कागदही विकत घेता येत नाही. अशा प्रत्येक कर्जातला एक वाटा छोट्या कारखान्यांच्या एकत्रित गटांसाठी आणि एक ठरावीक वाटा पाच वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. यंत्र बसवल्याच्या दिवशी सगळे पैसे द्यायचे नाहीत. काही रक्कम तिसऱ्या, पाचव्या वर्षी, पंप चालू असल्याची नोंद पाहून द्यायची. आमचे कारखानदार यावर आधी कुरकुर करतील. एकदा ईसीजीसी या निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचं विमासंरक्षण, जे १९५७ पासून उपलब्ध आहे आणि जे आमच्याकडचे निम्मे लोक घेतच नाहीत, या उशिराच्या रकमेलाही मिळालं की कुरकुर थांबेल.

कर्ज काढून परदेशी कंपन्याच विकत घ्या, हा दुसरा मार्ग आहे, आणि तो आमच्या डोंगरावर वाढलेल्या धंद्याने चालून पाहिला आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या सुझलॉनची सुरुवात १९९५ ची. दहा-बारा वर्षांत ती जगातल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन, २००७ मध्ये जर्मनीची आरईपॉवर घेतली. आम्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता. २००८ मध्ये अमेरिकेत पात्यांना चिरा गेल्या आणि १,२५१ पाती मजबूत करायचं काम अंगावर आलं. मग जागतिक मंदी आली. २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड चुकली, २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. कंपनी नंतर सावरली, आणि तिचे संस्थापक तुलसी तांतींनी या देशाला पवनऊर्जेत जे दिलं ते कमी लेखायचं माझ्या मनातही नाही. त्यातून मी घेते ते एवढंच: चीर कुठेही जाऊ शकते, चांगल्या कारखान्याच्या मालालाही. ती निस्तरायला लागणारी माणसं आणि पैसा विस्ताराच्या आराखड्यात पहिल्या पानावर हवा.

साताऱ्याच्याच चाळकेवाडीच्या पठाराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तिथल्या पवनचक्क्यांच्या परिसरावर भारतीय संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते, आणि त्यांची भीती उरली नाही म्हणून सरड्यांची संख्या वाढली होती. सरड्यांचं वागणं, शरीरही बदललं होतं. हे वाचून काही जणांनी पवनऊर्जेलाच नावं ठेवली. मला मात्र वाटतं, आपण बाहेर जाऊ तेव्हा यंत्राबरोबर हे ज्ञानही न्यावं. कुठल्या पठारावर उभारू नये हे आम्ही आमच्या पठारावर पाहिलं आहे, असं सांगणाऱ्या कंपनीवर समोरचा देश जास्त विश्वास ठेवेल. स्वच्छ म्हणवणाऱ्या धंद्याने आपल्या खुणा लपवू नयेत.

आणि हिशेब तर आता मागितला जाणारच आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम अशा मालावर कार्बनचा कर पूर्ण स्वरूपात लागू केला. नट-बोल्ट करणाऱ्या आमच्या एका कारखान्याकडे युरोपातल्या खरेदीदाराचा तक्ता आला: एका टनामागे किती वीज, किती इंधन, कच्चा माल कुठल्या भट्टीतला. मालकाने तो तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “ताई, हे भरायला मला माणूस परवडत नाही.” वीस कारखान्यांना मिळून एक माणूस परवडेल. जिल्हा उद्योग केंद्रात असा एक जाणकार बसवायला इमारतही लागत नाही, टेबल लागतं.

चाचणीचंही तसंच. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पंप, वीज, धातू यांतली जाणती माणसं गावात आहेत. केंद्राच्या लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्राला पैसा मिळतो. सौर पंपाचा टेस्ट बेंच, पाण्या-धुळीची चाचणी, आणि त्याच आवारात लाकूड तापवून ओंबीचा शिक्का मारणारी एक भट्टी, एवढं कुपवाडला झालं तरी सांगली, सातारा आणि शेजारच्या कोल्हापूरचे कारखाने तिथे येतील. पण नुसती यंत्रं आणून कुलूप लावायचं नाही. त्याला मान्यता मिळवायची, ती दरवर्षी टिकवायची, यंत्रांचं कॅलिब्रेशन वेळेवर करायचं, आणि आज नमुना दिला तर कोणत्या तारखेला अहवाल मिळेल ते दारावर लिहायचं. सुविधा केंद्रं उद्घाटनाच्या फितीनंतर कशी ओस पडतात हे मी पाहिलेलं आहे, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते.

दुरुस्तीसाठी माणसं कुठून आणायची? अर्धी इथली, अर्धी तिथली. भारत सरकारचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून परदेशातल्या लोकांना इथे बोलावून प्रशिक्षण देतो, खर्च आपला. त्यात हिशेब, इंग्रजी, संगणक, कारभार असं बरंच शिकवलं जातं. त्यातून दरवर्षी तीस-चाळीस तंत्रज्ञ केनिया, सेनेगल, मलावीतून सांगलीला सहा आठवडे आणावेत. त्यांना वर्गात कमी आणि शेडमध्ये जास्त ठेवावं. जतच्या रानात, पलूसच्या नदीकाठी नेऊन बंद पडलेले पंप उघडायला लावावेत. जतच्या शेतकऱ्याचा पंपही त्यात चालू होईल. परत जाताना प्रत्येकाला हत्यारांची पेटी आणि सुट्या भागांचा संच द्यावा. उलट बाजूने आमच्या आयटीआयची पोरं सहा-सहा महिने तिकडे जावीत, आणि स्टॉलसाठी असलेल्या अनुदानातून त्यांच्या तिकिटाचे पैसे मिळावेत. एका प्रदर्शनाला जाणाऱ्या पाच जणांच्या खर्चात एक फिटर सहा महिने तिकडे राहू शकतो. मी हिशेब मांडून पाहिला आहे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. दुसऱ्या एका कारखान्याने अकरा पंप किसुमूच्या बाजूला पाठवले आहेत. मी कागदांवर सही घ्यायला गेले होते. सात वाजलेले, तिकडे साडेचार. शेडमधला फिटर व्हिडिओ कॉलवर होता. मोबाइल व्हाइसला टेकवून ठेवलेला, पडद्यावर तिकडचा एक तरुण, मागे मक्याचं शेत. पंपातून पाणी गळत होतं. आमच्या फिटरने इथे तसाच पंप उघडला होता आणि तो जे करेल ते तिकडचा पोरगा करत होता. हिंदी, इंग्रजी, मध्येच मराठी. “वो काला वाला रिंग, कार्बन. हां. उसको उंगली मत लगाना. नो फिंगर. तेल लागलं की गेलं ते.” त्याने स्वतःच्या हातातलं सील सुती फडक्यात धरून दाखवलं, पांढरी सिरॅमिकची चकती कुठल्या बाजूने बसते ते दोनदा उलटंसुलटं करून दाखवलं. तिकडे स्प्रिंग दोनदा निसटली. हा शांत. “स्लो, भाई, स्लो.” पाऊण तास गेला. मग पडद्यावर पाइपमधून पाणी आलं, आणि मागे कोणीतरी लहान मूल ओरडलं.

सील काही शे रुपयांचं होतं. तो पाऊण तास फिटरने त्याच्या सुटीनंतरच्या वेळातून दिला, त्याचा ओव्हरटाइम कुठल्याच योजनेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. हात पुसता पुसता त्याने मला विचारलं, “ताई, पासपोर्टला काय काय कागद लागतात?”

मी त्याला यादी लिहून दिली आहे.